पोलादपूरच्या दुकानातली बशी

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. आईला ठाऊक नव्हतं, आणि ती तशीच गेली. खरं काय घडलं ते जाणणारे दोघेच — एक मी, आणि दुसरा कधी तोंड उघडणार नाही. उघडायचं असतं तर त्याच दिवशी उघडलं असतं. म्हणून तर मी इतकी वर्षं निवांत आहे. निवांत म्हणजे काय — जेवतो, झोपतो, शाळेत शिकवतो. महाडच्या पेठेतून जाताना लोक मास्तर म्हणून नमस्कार करतात. तुम्हीही केला असता.

तुम्हाला लिहून सांगायला बसलो आहे खरा, पण मी आडवळणं घेणार, हे आधीच सांगून ठेवतो. खोडच आहे माझी. मुद्द्याजवळ आलो की मला चष्मा पुसावासा वाटतो. सांभाळून घ्या — नाही, तेही नको. नुसतं ऐका.

सुरुवात बऱ्या गोष्टीपासून करतो. मी चांगलं बोलायचो. म्हणजे भाषणं करायचो.

पोलादपूरच्या पुढे सावित्रीच्या काठी आमचं गाव. भाताची जमीन बरी, घर खाऊनपिऊन सुखी. आमच्या घराण्यातून मुंबईच्या कॉलेजात गेलेला पहिला मीच. गावात मला ‘कालेजवाला’ म्हणत. त्यात अर्धं कौतुक आणि अर्धी टिंगल. कॉलेजात मात्र सगळं कौतुकच. आमचे इतिहासाचे प्राध्यापक मोठे गोड गृहस्थ होते — धोतर, लांब कोट, आणि बोलताना डोळ्यांत पाणी आणायची सवय. ते म्हणत, युनिव्हर्सिटी म्हणजे कारकून पाडायचा साचा नव्हे. इथून बाहेर पडणारा पोरगा जगाचा नागरिक झाला पाहिजे. महायुद्ध होऊन गेलं होतं, तिकडे जिनिव्हाला साऱ्या राष्ट्रांची सभा भरत होती, आणि इकडे दर शनिवारी आमच्या मंडळाची. आम्ही ठराव करायचो. चीनमधल्या दुष्काळाबद्दल आम्ही एकमताने दुःख व्यक्त केलेलं मला आठवतं. चीनला ते कळलं की नाही, देव जाणे.

आणि आफ्रिका! आफ्रिकेत आपल्या माणसांना गोऱ्यांच्या हॉटेलात बसू देत नाहीत, यावर मी जे भाषण केलं ना — माझा आवाज इतका चढला की खालच्या वर्गातली मुलं वर बघायला आली. प्राध्यापकांनी माझी पाठ थोपटली. हसू येतं ना तुम्हाला? थांबा, अजून यायचं आहे.

त्याच मंडळात गोविंद भेटला.

तो आमच्याच खोऱ्यातला निघाला. नदीच्या पलीकडच्या गावच्या महारवाड्यातला. आमच्या दोन घरांमध्ये अंतर किती, तर अर्ध्या तासाची वाट आणि पावसाळ्यात एक होडी. पण आमची ओळख व्हायला मुंबई लागली. त्याचे वडील सखाराम हवालदार. पलटणीत होते, लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आले, पेन्शनवर गावी बसले होते. त्या पेन्शनीवर त्यांनी पोराला शिकवलं. गोविंद परळला कुण्या नात्यातल्या माणसाच्या खोलीत राहायचा, मी गिरगावात मावशीकडे. कॉलेज सुटलं की आम्ही इराण्याकडे जायचो. दोघांची ऐपत एका चहाची. मी कपातला अर्धा चहा बशीत ओतायचो आणि बशी त्याच्याकडे सरकवायचो. बशी नेहमी त्याची, कप माझा. असं का, हे आम्ही कधी ठरवलं नव्हतं. आता वाटतं, तेव्हाच बघायला हवं होतं की कप नेहमी माझाच का. पण खरं सांगतो, तेव्हा त्यात प्रेमच होतं. हाताला सवय लागली होती. चहा आला की हात आपोआप बशीकडे जायचा.

तो माझ्यासारखा आवाज चढवायचा नाही. हळू बोलायचा, आणि मधेच थांबायचा — तो थांबला की सगळे ऐकायला लागायचे. एकदा त्याने मला वडिलांची गोष्ट सांगितली. बसऱ्याकडे कुठेतरी वाळूत कूच चाललेली. हवालदारांच्या बाटलीतलं पाणी संपलं. वाटेत एक म्हातारा अरब उंटाशेजारी बसला होता. त्याने हाक मारली, पखालीचं तोंड सोडलं आणि स्वतःच्या वाडग्यात पाणी ओतून वाडगा हवालदारांच्या हातात दिला. हवालदार घाबरले. वाडग्याला तोंड लावावं की नाही कळेना. उभ्या जन्मात दुसऱ्याच्या भांड्याला कधी तोंड लावलेलं नव्हतं. म्हाताऱ्याला वाटलं, याला पाण्यात विष असल्याचा संशय आला. म्हणून तो स्वतः एक घोट प्यायला, आणि तोच वाडगा परत पुढे केला. हवालदार रडत रडत ते पाणी प्यायले. अरबाला काही कळलं नाही, तो आपला हसत होता.

“माझा बाप जगाचा नागरिक आहे, शंकर,” गोविंद म्हणाला. “फक्त गावचा नाही.”

यावर मंडळाच्या मोठ्या सभेत तो बोलणार होता. विषय प्राध्यापकांनीच दिलेला: विद्यापीठ आणि जगाचं नागरिकत्व. बाहेरचे पाहुणे यायचे होते. त्याच्या भाषणावरून त्याला पुढच्या शिक्षणासाठी कुठलीशी मदत मिळवून द्यायचं प्राध्यापकांच्या मनात होतं. ती सभा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर. तेवढ्यात वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं — चंद्राचं — लग्न निघालं, आणि आम्ही दोघे एकाच आगबोटीने गावी निघालो.

हा प्रवास आम्ही आधीही केला होता. आगबोट बाणकोटपर्यंत, तिथून लाँच खाडीतून वर दासगावला, पुढे महाड, महाडहून पोलादपूरची मोटार. आणि दर खेपेला जसजशी खाडी अरुंद होत जाई, तसतसा गोविंद गप्प होत जाई. पोलादपूरला मोटार थांबली की तो “बरंय” म्हणून नदीच्या वाटेने चालू लागे, आणि मी आमच्या बैलगाडीची वाट बघत चहाच्या दुकानात शिरे. याबद्दल आमचं कधी बोलणं झालं नव्हतं. तो निघून जातो हे मला दिसायचं. का जातो ते ठाऊक होतं. आणि तो स्वतःहून जातो याचं मला बरंही वाटायचं. हे शेवटचं वाक्य लिहायला मला किती वेळ लागला, तुम्हाला कल्पना नाही.

त्या वेळी मात्र मी त्याला जाऊ दिलं नाही.

का नाही दिलं? दया? मैत्री? छे. मी फुगलो होतो. वर्षभर भाषणं ठोकली होती, टाळ्या अंगात भिनल्या होत्या. शिवाय महाडात पाण्यावरून जे घडलं ते तेव्हा ताजं होतं. ते सगळ्या मुलखाला ठाऊक आहे, मी वेगळं सांगायला नको. सगळ्या खोऱ्यात वातावरण तापलेलं. कोण कुठे बसतो, कोण कुठल्या भांड्याला हात लावतो, यावर दहा जणांची नजर. अशा वेळी आपण काहीतरी मोठं करावं, असं मला वाटलं. मोठं म्हणजे — चहा प्यावा! मी त्याच्या कोटाला धरून ओढलं. “चल रे, या कोटात तुला कोण ओळखतंय?”

तो म्हणाला, “नको, शंकर. बाबा वाट बघत असतील.”

मी म्हणालो, “जगाचा नागरिक ना तू?”

तो आला.

दुकान म्हणजे काय — घाट चढण्याआधी मोटारी जिथे पाणी भरायला थांबत, तिथली माडाच्या झावळ्यांची पडवी, तीन-चार बाकं, एक चूल. उन्हाळ्यात महाबळेश्वरला जाणाऱ्या साहेबांच्या मोटारी थांबत म्हणून दुकानदाराने कपबश्या ठेवल्या होत्या, निळ्या काठाच्या. आणि बाहेर कुडाच्या खुंटीला नारळाच्या करवंट्या टांगलेल्या असत. त्या कुणासाठी, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. गोविंद आत येताना त्या करवंट्यांकडे बघून आला. मीही बघितलं. आम्ही दोघांनी बघितलं आणि आत जाऊन बसलो.

चहा आला. एकच कप मागवला होता — सवय. आणि माझा हात, माझा हा हात, विचारल्याशिवाय पुढे झाला, अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी गोविंदकडे सरकवली. त्याने बशी ओठाला लावली.

तेवढ्यात तात्या आले.

तात्या म्हणजे माझे चुलते. गाडी घेऊन मला न्यायला आले होते, लग्नाचं सामानही न्यायचं होतं. आनंदात होते. मला बघून “आला का रं आमचा कालेजवाला!” म्हणून ओरडले, समोरच्या बाकावर टेकले, आणि आम्हा दोघांना एका चहात बघून त्यांना कौतुकच वाटलं. मग गोविंदकडे वळून त्यांनी तेच विचारलं, जे आमच्या मुलखात प्रत्येक नव्या माणसाला विचारतात. नाव कुणी आधी विचारत नाही.

“कुणाचा रं तू, पोरा?”

गोविंदने बशी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. मी त्याला डोळ्यांनी सांगत होतो — सांग काहीतरी, कुठलंही गाव सांग, कुठलंही आडनाव घे. त्याला सहज जमलं असतं. पण त्याने तात्यांकडे बघितलं आणि त्याच्या त्या हळू आवाजात म्हणाला, “सखाराम हवालदारांचा. पल्याडच्या महारवाड्यातला.”

दुकानदाराच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. मागच्या बाकावरचे गाडीवान उठून उभे राहिले. आणि तात्या — तात्यांनी गोविंदकडे नाही, माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता हो. भ्यालेला होता. दारी मांडव उभा होता, चंद्राला हळद लागायची होती, आणि नवऱ्या मुलाकडची माणसं कडक. घरातल्या पोराने महाराबरोबर एका कपबशीत चहा घेतला हे गावकीपुढे गेलं असतं, तर घर वाळीत पडलं असतं आणि वऱ्हाड निम्म्या वाटेवरून परत गेलं असतं. हे सगळं तात्यांच्या चेहऱ्यावर होतं.

“शंकर,” ते म्हणाले, “तुला ठावं व्हतं?”

आता तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगतो. सांगायलाच बसलो आहे ना.

मी म्हणालो, “नाय, तात्या. मला म्हनला, मराठा हाय.”

कॉलेजातली शुद्ध भाषासुद्धा टिकली नाही बघा माझी. अगदी गावच्या बोलीत खोटं बोललो. आणि तेवढ्यावर थांबलो नाही. आगबोटीवर ओळख झाली, म्हणालो. यानेच चहाला बोलावलं, म्हणालो. याने मला फसवलं, म्हणालो. कुणी विचारलंही नव्हतं — जीभ आपली चालली होती. वक्ता ना मी!

विचार करा. जो माणूस आत्ता, सगळ्यांसमोर, स्वतःची जात आपण होऊन सांगतो, तो फसवणारा कसा? शेंबड्या पोरालाही हा प्रश्न पडला असता. त्या दुकानातही कुणाला माझं पटलं नसावं. पण ते सगळ्यांना हवं होतं. तात्यांना हवं होतं, दुकानदाराला हवं होतं. फसवला गेलेला पोरगा शुद्ध होतो. समजून उमजून बाटलेला होत नाही. सगळ्यांनी माझ्या खोट्याला दोन्ही हातांनी धरलं.

तात्या गोविंदला म्हणाले, “काय रं? खरं का ह्ये?”

मी जमिनीकडे बघत होतो. म्हणजे तो माझ्याकडे बघत होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्याने चंद्राच्या लग्नाचं सगळं ऐकलेलं होतं. आगबोटीवर रात्रभर मी दुसरं बोललोच काय होतो? तो नेहमीसारखा थांबला. मग म्हणाला —

“होय. मी खोटं बोललो.”

पुढचं लवकर सांगतो. तात्यांनी बैलाच्या चाबकाने सुरुवात केली. गाडीवानांनी हात धुऊन घेतले. दुकानदाराने कप आणि बशी बाहेरच्या दगडावर नेऊन फोडली, आणि भरपाई म्हणून गोविंदचा कोट काढून घेतला. तो ओरडला नाही. मी मधे पडलो नाही. एकदा तो माझ्या पायाशी येऊन पडला तेव्हा मी पाय मागे घेतला. सगळ्यांनी ते बघितलं, आणि माझ्या निर्दोषपणाची खात्रीच पटली. मला नदीवर नेऊन आंघोळ घातली, गोमूत्र पाजलं. गावकी बसली आणि म्हणाली, पोराचा दोष नाय, पोराला फशिवलं. चंद्राचं लग्न थाटात झालं. मी जेवणाच्या पंगतीत तूप वाढत होतो. आज तिला मुलंबाळं आहेत, सुखात आहे. ती दिवाळीला मला ओवाळते तेव्हा — असो.

पल्याडच्या गावाने महारवाड्याशी सगळा व्यवहार तोडला. फसवून बाटवलं, म्हणून. वाणी मीठ देईना, गुरं रानात सोडू देईनात. हवालदारांना पलटणीत मेडल मिळालं होतं. ते लावून ते पाटलाच्या दारात गेले, तर पाटलाने बाहेरच उभं केलं. पाऊस सुरू व्हायच्या आत ते कुटुंब घरावरची कौलं तशीच टाकून मुंबईला गेलं. गोविंद गिरणीत लागला. कॉलेजात परत आला नाही.

मी परत गेलो. जाणार नाही तर काय!

प्राध्यापकांनी विचारलं, “तुमच्याकडचा तो गोविंद कुठे? तुम्हाला काही ठाऊक?” मी म्हणालो, घरची अडचण असावी. ते हळहळले. म्हणाले, फार वाईट झालं, आता सभेत कोण बोलणार? आणि मग — तुमचा विश्वास बसणार नाही — माझ्याकडे आशेने बघायला लागले.

हो. मी बोललो. त्याच सभेत, त्याच विषयावर. आणि बोलणार काय? माझ्याजवळ स्वतःचं होतं काय? मी बसऱ्याच्या म्हाताऱ्या अरबाची गोष्ट सांगितली. ‘आमच्या खोऱ्यातला एक शिपाई’ म्हणालो. वाडगा, पखाल, तो एक घोट — सगळं सांगितलं. जिथे गोविंद थांबला असता, तिथे थांबलोसुद्धा. प्राध्यापकांनी डोळे पुसले आणि पाहुण्यांना म्हणाले, “हे आमच्या युनिव्हर्सिटीचं फळ. खेड्यातला मुलगा, पण पाहा, जगाचा नागरिक झाला.” टाळ्या पडल्या. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण — ही म्हण मी शाळेत मुलांना समजावून सांगतो तेव्हा उदाहरण कुणाचं देतो, विचारू नका. दुसऱ्या कुणाचं तरी देतो.

मी कधी कधी त्या प्राध्यापकांवर चिडतो. म्हणतो, तुम्ही मला जिनिव्हा दाखवलंत, आफ्रिका दाखवलीत. पोलादपूरच्या दुकानात एक ‘हो’ कसं म्हणायचं, ते नाही शिकवलंत. ‘हो तात्या, ठाऊक होतं.’ एवढंच तर म्हणायचं होतं. पण हे चिडणं खोटं आहे. गोविंद त्याच बाकावर बसून तेच शिकला होता ना? त्याला बोलता आलंच की.

इथवर आलात तर तुम्हाला वाटेल, संपलं. खोटं बोललो, ते कबूल केलं. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटायचं, की माझं पाप ते एवढंच. आणि बहिणीसाठी केलं असं म्हणून मी त्यावर थोडी साखरही पेरायचो. पण मी ज्यासाठी लिहायला बसलो ते हे नाही. ते मागच्या सालचं आहे.

मागच्या साली उन्हाळ्यात मी शाळेतून घरी निघालो होतो. मामलेदार कचेरीच्या बाहेर वडाखाली पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी माणसं बसतात. त्यातला एक उठला. पाठ ताठ, पण पाय थकलेले, कोटावर मेडल. मी ओळखलं, आणि वाट बदलावी म्हणून वळलोही होतो. त्याने हाक मारली.

“जोहार, मास्तर.”

मग स्वतःच ओशाळून हसला. “पोरगा वरडतो मला. म्हनतो, जोहार घालू नुको, बाबा. पर हात जातो.”

मी काय बोललो, आठवत नाही. “बरे आहात ना, हवालदार” असं काहीतरी. ऊन मी म्हणत होतं. बाजूलाच चहाचं दुकान होतं. त्यांचे ओठ सुकले होते हे मला दिसत होतं. त्यांना चहा पाजावा असं मनात आलं का? आलं. पाजला का? नाही.

ते म्हणाले, मुंबईस बरं चाललंय, गोविंद गिरणीत साच्यावर असतो, संध्याकाळी चाळीतल्या पोरांना शिकवतो. त्यांना बसऱ्याच्या गोष्टी सांगतो. आणि मग त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढलं. पलटणीतला माणूस तो. साहेबापुढे उभा राहावा तसा माझ्यापुढे उभा राहिला.

“मास्तर, येक राह्यलं व्हतं. पोलादपूरला माझ्या पोरानं तुमाला फशिवलं. जात चोरली. मी त्याला लई बोललो त्या वक्ताला. म्हनलं, हवालदाराचा पोर हायस तू, खोटं कसं बोललास? तो म्हनला, व्हय बाबा, चुकलो. बाप म्हनून तुमची माफी मागायची राह्यली व्हती. आता माझं काय, आज हाय उद्या नाय. मनात नुको राहायला.”

म्हणजे गोविंदने बापालासुद्धा सांगितलं नव्हतं. ज्या बापाची गोष्ट तो जगाला सांगणार होता, त्या बापापुढे तो इतकी वर्षं खोटारडा होऊन राहिला होता. माझ्यासाठी. आणि बाप, ज्याचं घर माझ्यापायी गेलं, तो उघड्या डोक्याने उन्हात माझ्या उत्तराची वाट बघत होता.

एक वाक्य पुरलं असतं. तात्या वारले होते. चंद्रा नांदत होती. मला आता कुणाची भीती नव्हती. कुणीही आम्हाला ऐकत नव्हतं. या वेळी मला कुठलंच कारण नव्हतं — बघा, साखर पेरायलासुद्धा काही नव्हतं. मी तोंड उघडलं.

मी म्हणालो, “जाऊ द्या, हवालदार. झालं गेलं. माझ्या मनात काही नाही.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्याने हात जोडले. “लई मोठं मन हाय तुमचं,” म्हणाला, मुंडासं बांधलं आणि दासगावच्या लाँचला जायचं म्हणून चालू लागला. मी तो दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभा होतो. हाक मारता आली असती. पुष्कळ वेळ मारता येत होती.

पावसाळ्यात कळलं, हवालदार मुंबईस वारले.

पण त्याआधी घरी पोचल्यावर त्यांनी गोविंदला सांगितलं असणारच. सांगितल्याशिवाय राहिले नसतील. एवढं हलकं होऊन गेले होते ते. म्हणाले असतील, मास्तर भेटलं व्हतं रं, त्यांनी तुला माफ केलं.

आणि गोविंद थोडा थांबला असेल. मग म्हणाला असेल, “बरं झालं, बाबा.”